बसायचं खोकं

४ मार्च

चि. मास्तरीण,

आशीर्वाद. ते ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे, ते तू ठरव.

फोन तू उचलत नाहीस आणि माझे मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून कागद हाती घेतला. पत्ता तुझ्या आईने दिला. तीन दिवस मागत होतो. देताना म्हणाली, "फक्त लिहा. दारात जाऊन उभे राहू नका." तेव्हा येणार नाही, काळजी नको.

बातमी अशी की हवामानाच्या धास्तीसाठी तू ज्या वेबसाइटवर समुपदेशन घ्यायचीस, तिथे मीही नाव नोंदवलं आहे. हस. इथे ऐकू येत नाही.

आधी फॉर्म भरावा लागला. बातम्या बघून झोप उडते का? पुढच्या वर्षांचा विचार करून असहाय वाटतं का? उत्तराला चार घरं, 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत. मी खरं लिहिलं असतं तर सगळ्या खुणा 'कधीच नाही'वर आल्या असत्या आणि त्यांनी मला उंबऱ्यावरूनच परत धाडलं असतं. म्हणून तू काय लिहिलं असतंस ते आठवून आठवून खुणा केल्या. निकाल आला, 'तीव्र'. जन्मात पहिल्यांदा इतके चांगले मार्क पडले.

हेतू सांगून टाकतो. तू सहा महिन्यांपूर्वी तिथे जाणं बंद केलंस असं तुझी आई म्हणते. पुन्हा झोप लागत नाही, शाळेत शिकवताना मध्येच थांबतेस, जेवण निम्म्यावर आलंय, हेही तिच्याकडूनच कळतं. मला वाटलं, तुझ्याच बाई मला मिळतील आणि मी त्यांना सांगेन की तिला परत बोलावून घ्या. पण मिळाल्या दुसऱ्याच. त्यांच्या मागे मोठ्या पानांची एक कुंडी दिसते. मी त्यांना मनातल्या मनात कुंडीवाल्या बाई म्हणतो.

सत्र चाळीस मिनिटांचं असतं. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, फोन गॅसच्या टाकीला टेकवला आणि दुकानात बसायला जे आहे त्यावर बसलो. बाईंनी विचारलं, "आत्ता काय जाणवतंय?" म्हटलं, "उकडतंय." त्यांनी ते लिहून घेतलं.

तुझं-माझं कशावरून फाटलं तेही सांगितलं. मावशीकडे सगळे जमले असताना मी म्हणालो होतो, "आमच्या पोरीला आभाळाची काळजी लागलीय, फी भरून रडते." लोक हसले. तू पाण्याचा पेला घेऊन आत गेलीस. माझी जीभ सैल आहे, चूक झाली. बाईंना मी हेच कारण सांगितलं आणि तुलाही हेच लिहितो.

तुझा बाबा


१९ मार्च

चि. मास्तरीण,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी रोज पत्रपेटी उघडून बघतो. काल त्यात एका चपलांच्या दुकानाचा कागद होता, तोही पूर्ण वाचला.

आतापर्यंत तीन सत्रं झाली. या बाई सल्ला देतच नाहीत. मी आपला वाट बघत बसतो की आता सांगतील, अमुक करा आणि तमुक करू नका. तर त्या म्हणतात, "मग?" आमच्या धंद्यात असं केलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुसरा मेकॅनिक बघेल.

दुसऱ्या सत्रात त्यांनी विचारलं, काळजी अंगात नेमकी कुठे जाणवते. माझी काळजी उसनी असल्यामुळे जरा पंचाईत झाली. मग तुझं सांगायला लागलो. सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर तापमान बघायचं. कुणी नळ चालू ठेवला की छातीत धडधडायचं. खोलीत एसी असून तो लावायचा नाही, ऐन उन्हात खिडकी उघडून घामाने निथळत बसायचं आणि आईने पंखा लावला की उठून तोही बंद करायचा. ओघात सांगत गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचा धंदा एसी दुरुस्तीचा आहे असं फॉर्मवर लिहिलंय. तुम्ही एसी लावत नाही?"

चोराच्या मनात चांदणं. म्हणालो, "आवाज नीट येत नाहीये," आणि फोन बंद केला. आवाज अगदी खणखणीत येत होता.

तिसऱ्या सत्राला मुकाट्याने कबूल केलं की ही सगळी लक्षणं माझ्या मुलीची आहेत आणि मी तिच्यासाठी आलो आहे. मला वाटलं, आता रागावतील. त्या म्हणाल्या, "तिच्यावर उपचार तुमच्यामार्फत होणार नाहीत. तुम्हाला स्वतःचं काही बोलायचं असेल तर पुढच्या वेळी या. नसेल तर ही वेळ दुसऱ्या कुणाला देता येईल."

घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "अहो, तिथे तरी खरं बोला. तिथे काही गिऱ्हाईक बसलेलं नाही."

पुढच्या वेळेचं बटण दाबलं आहे.

बाबा


२ एप्रिल

चि. मास्तरीण,

आज बाईंना सापाची गोष्ट सांगितली.

तुला आठवतंय हे मला माहीत आहे, तरी लिहितो. तू आठ-नऊ वर्षांची असशील. सुट्टीत माझ्याबरोबर कामावर यायचीस. एसीचं मशीन उघडून दुरुस्त करायचं तर आधी आतला गॅस काढावा लागतो. तो आम्ही हवेत सोडून द्यायचो. सगळेच सोडायचे. मी माझा हातमोजा तुझ्या हातात घालायचो, तो तुला कोपरापर्यंत यायचा, आणि तू व्हॉल्व्ह फिरवायचीस. फुस्स व्हायचं, नळीच्या तोंडाशी पांढरं दव धरायचं आणि तू खिदळायचीस. "बाबा, साप बोलव," म्हणायचीस. कितीतरी साप बोलावले आपण.

पुढे तू कॉलेजात गेलीस आणि घरी येऊन मला सांगितलंस की असा एक किलो गॅस सोडणं म्हणजे मोटार आठ-दहा हजार किलोमीटर पळवण्यासारखं आहे. मी म्हणालो, "मग मी घरबसल्या जग फिरलो की." तेव्हाही जीभच.

मागच्या वर्षी तू सुट्टीला आली होतीस, तेव्हा मी तुझ्या खिडकीबाहेर शिडीवर होतो. तुझ्या खोलीच्या एसीचं बाहेरचं मशीन थरथरत होतं, त्याचे बोल्ट आवळत होतो. तू आत फोनसमोर बसून तुझ्या बाईंशी बोलत होतीस. काच पातळ आहे. तू म्हणालीस, "बाबांना काय बोलू? मीपण सोडलाय. माझ्या हाताने. आणि मला मजा यायची."

आणि रडलीस. मोठ्याने नाही.

मी पाना खिशात घातला आणि शिडी उतरलो. ते बोल्ट अजून तसेच सैल आहेत. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं. इतकं वाईट पूर्वी कधी वाटल्याचं आठवत नाही.

हे ऐकून बाई म्हणाल्या, "मग?"  मी म्हणालो, "मग मशीन मागवलं." आणि चाळीस मिनिटं संपली.

बाबा


२३ एप्रिल

चि. मास्तरीण,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जसं होईल तसं टाकणार आहे.

मावशीकडच्या चेष्टेवरून तू बोलणं सोडलं नाहीस, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तुझ्या आईला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पहिल्या पत्रात मी तुला सोयीचं कारण लिहिलं.

शिडीवरून उतरलो त्याच आठवड्यात गॅस ओढून घ्यायचं मशीन मागवलं. त्याने गॅस हवेत न जाता टाकीत भरला जातो. तुला फोन करून सांगितलं. तू म्हणालीस, "खरंच, बाबा?" तुझ्या बाईंनी तुला एक यादी करायला सांगितली होती, आपल्या हातात असलेल्या गोष्टींची. ती तू भिंतीवर लावली होतीस. तिच्यात वर 'बाबांचं मशीन' लिहून तू त्यापुढे बरोबरची खूण केलीस आणि आईला फोटो पाठवलास. त्यानंतर तू झोपायला लागलीस.

मशीन आलं तेव्हा ऐन हंगाम होता. दिवसाला सात-सात कामं. व्हॉल्व्ह उघडला की चार मिनिटांत मोकळं होणारं काम, त्याला मशीन लावायचं म्हणजे माहितीपुस्तक वाचा, नळ्या जोडा, वाट बघत बसा. म्हटलं, पावसाळ्यात उघडू. पावसाळ्यात म्हटलं, नव्या हंगामाला उघडू. खरं कारण यातलं एकही नाही. एकतीस वर्षं जे केलं ते चूक होतं, हे ते खोकं उघडताना मला मान्य करावं लागलं असतं. आणि मला ते करायचं नव्हतं.

दर रविवारी तू विचारायचीस, "या आठवड्यात किती?" मी म्हणायचो, "चार." कधी पाच. एका आठवड्यात मुद्दाम "दोनच" म्हणालो, खोटं खरं वाटावं म्हणून. तू म्हणालीस, "दोन तर दोन, बाबा. सुरुवात आहे." हे वाक्य बाईंना सांगून झाल्यावर पाणी प्यायलो.

पाच महिने.

मग तू दुकानात आलीस. दुकानात बसायला एक खोकं होतं, वर जुनी चादर आणि तिच्यावर उशी. उंची बेताची, मजबूत. पोस्टमास्तर त्यावर बसून पेपर वाचायचे. तुलाही मीच म्हणालो, "बस की." तू बसून चहा प्यायलीस आणि शाळेतल्या मुलांची नावं सांगितलीस. चहा सांडला. पुसायला तू उशी उचललीस, चादर बाजूला केलीस. खोक्यावर मशीनचं चित्र छापलेलं होतं आणि वरची चिकटपट्टी कारखान्यातून आली तशीच होती.

तू चादर नीट घातलीस, उशीची ओली बाजू खाली केलीस, कप धुऊन ठेवलास. "येते," म्हणालीस. मला वाटलं, तिने बघितलं नाही. इतकं गाढव माणूस दुसरं सापडायचं नाही.

हे सगळं काल मी बाईंना सांगितलं. वाटलं होतं, काहीतरी धीराचं बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, "ते खोकं आता कुठे आहे?"

म्हटलं, "मी त्याच्यावरच बसलो आहे. पहिल्या दिवसापासून."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "उरलेलं उभं राहून बोलता येईल का?"

सतरा मिनिटं उरली होती. उभं राहून बोललो. सगळा वेळ गुडघे दुखत होते.

बाबा


२० मे

चि. मास्तरीण,

खोकं उघडलं.

ते उघडल्याची शेखी मिरवत नाही, झालं ते सांगतो. नदीकाठच्या वृद्धाश्रमात बायकांच्या मोठ्या खोलीचा एसी बंद पडला. गावात उन्हाने माणसं चक्कर येऊन पडत होती, तुमच्याकडेही तेच असेल. खोलीत नऊ आज्या. बाहेरच्या मशीनचा कॉम्प्रेसर गेला होता, म्हणजे आतला गॅस काढल्याशिवाय हात लावायची सोय नाही. व्यवस्थापिका बाई म्हणाल्या, "नेहमीसारखं लवकर करा हो." मी रिक्षातून मशीन उतरवलं, चष्मा लावला आणि पुस्तक उघडलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही विमानात बसल्यावर पायलट पुस्तक काढून वाचायला लागलाय.

एक नळी उलटी जोडली. ती सरळ केली, तर मशीन दोन मिनिटं खडखडून बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. टाकीची चावी उघडायचीच राहिली होती. ती उघडली तर टाकी तापायला लागली. मग पुस्तकात वाचून ती पाण्याच्या बादलीत उभी केली. मशीनचा आवाज दगड भरलेल्या डब्यासारखा. साप नाही.

दाराशी खुर्चीत एक आजी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय करतोस रे?"

"गॅस काढून टाकीत भरतोय, आजी."

"मग एरवी काय करायचास?"

"हवेत सोडायचो."

"कुणाच्या?"

मी बादलीतलं पाणी बदललं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मी वेळ लावला तेवढा वेळ नऊ आज्या उकाड्यात बसल्या होत्या. त्यातल्या एकीला भोवळ आली. तिला आडवं करून ओल्या कापडाने पुसावं लागलं. दुपारपर्यंत ती सावरली, पण जुन्या पद्धतीने केलं असतं तर तिला ते सोसावं लागलं नसतं. तुझं आणि माझं दोघांचंही बरोबर, असं काहीतरी यात आहे. तोड अजून सापडलेली नाही. आता मी सकाळी सहाला कामाला जातो आणि दुरुस्ती होईपर्यंत दुकानातला एक जुना कूलर तिथे लावून ठेवतो. तेवढंच सुचलं.

कुंडीवाल्या बाईंना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, आता फॉर्म भरायला दिला तर खुणा कुठे कराल? प्रश्न आठवले. झोपेच्या प्रश्नावर 'कधीकधी' म्हणालो. असहाय वाटण्यावर 'बऱ्याचदा'. हे दोन्ही माझे स्वतःचे आहेत, उसने नाहीत. मार्क घसरले.

बाबा


३ जून

चि. मास्तरीण,

काल तुझी आई स्वयंपाकघरातून फोन हातात घेऊन बाहेर आली. बोलणं संपलेलं होतं. म्हणाली, "तिने विचारलंय. मशीनच्या पुस्तकात वीस मिनिटं लिहिलंय. बाबांना विचार, किती लागली."

मी आईला म्हणालो, "मी लिहून कळवतो." ती म्हणाली, "आत्ता सांगा की, मी फोन लावते." म्हटलं, नको. फोनवर मी तुला आकडे बरेच सांगितले आहेत.

वृद्धाश्रमात एक तास दहा मिनिटं लागली. त्यातली पंचवीस माझ्या मूर्खपणात गेली. दुसऱ्या कामाला चाळीस. तिथे गिऱ्हाईक शेवटपर्यंत कंबरेवर हात ठेवून उभं होतं. तिसऱ्या आणि चौथ्याला साधारण तितकीच. पाचव्याला तीस, कारण कुठली पिन काढली की गॅस भराभर येतो ते कळलं. वीस अजून एकदाही झालेली नाहीत. पुस्तक लिहिणाऱ्याने मशीन थंड खोलीत लावलं असणार.

सहावं काम चौथ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती. मशीन खाली रिक्षात राहू दिलं. व्हॉल्व्ह उघडला आणि सोडला. चार मिनिटं. हे तुला लिहावं की नाही यात एक आख्खा दिवस गेला. तू विचारलंस त्यात हे येत नव्हतं, गप्प बसलो असतो तर खोटं बोललो असंही झालं नसतं. पण असा हिशोब मी पाच महिने केला आहे.

तेव्हा मशीनने पाच, हवेत एक. भिंतीवरच्या यादीत काही लिही असं मी म्हणत नाही. यादी अजून आहे की फाडलीस, तेही विचारत नाही. तुझ्या बाईंकडे मात्र परत जा. माझ्यामुळे तू तिथे खोटी पडलीस असं तुला वाटत असेल, तर खोटा मी पडलो होतो. तू त्यांना सांगितलंस ते सगळं तुझ्या बाजूने खरं होतं. हवं तर ही पत्रं त्यांना वाचून दाखव.

तू ये, असं लिहायचं होतं म्हणून हे एवढं लिहिलं. ये.

खोकं फाडून रद्दीत दिलं, त्यामुळे दुकानात बसायला काही उरलं नव्हतं. लोक उभ्याने बोलायचे आणि लवकर जायचे. परवा एक खुर्ची आणली, हातांची, पाठीला टेकायला चांगली. ती तुझ्यासाठी कोरी ठेवली आहे, असं लिहिणार होतो. पण आज सकाळीच पोस्टमास्तर तिच्यावर तासभर बसून पेपर वाचून गेले.

बाबा